'द होम्समन' बघून काय झालं तुम्हाला?

टॉमी ली जोन्सचा २०१४ चा 'द होम्समन' हा सिनेमा काल दुसऱ्यांदा बघितला. १८५०च्या दशकातलं अमेरिकेतलं नेब्रास्का. एका हिवाळ्यात वेड लागलेल्या तीन बायकांना गजांच्या खिडक्यांच्या गाडीत घालून पूर्वेला आयोवात पोचवायचंय. एक नवरा सरळ अंग काढून घेतो, आणि ते काम एकटीने शेती करणाऱ्या मेरी बीच्या गळ्यात पडतं. वेस्टर्नमधली गाडी नेहमी पश्चिमेला जाते, अशी उलटी निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. तुमचे अनुभव लिहा. शेवट फुटला तरी चालेल.

•

ती कापडावर भरलेली पियानोची पट्टी! जेवायला आलेल्या शेजाऱ्यासमोर मेरी बी ती टेबलावर अंथरते, बोटं फिरवते, गाते. आवाज फक्त गळ्याचा. मग स्वतःच लग्नाचं विचारते, आणि तो ऐकवतो की तू दिसायला साधी आणि वर हुकूम सोडणारी. माझ्या आतेबहिणीने दाखवण्याच्या पाच कार्यक्रमांत पेटी वाजवली होती. लग्नानंतर पेटी माळ्यावर. परवा काढली तर भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली.

•

पाऊण तासात बंद केला. बायकोने मात्र रात्री दोनपर्यंत बसून संपवला. कसा होता विचारलं तर म्हणाली, "झोप तू."

•

नेब्रास्कातल्या ओमाहात अकरा वर्षं झाली. इथला वारा सिनेमात आहे तसाच, कानात बसतो. इथल्याच बिअट्रिस गावाजवळ होमस्टेडचं, म्हणजे वसायला येणाऱ्यांना सरकारने दिलेल्या जमिनींचं, संग्रहालय आहे. १६० एकर देणारा तो कायदा १८६२चा, म्हणजे ही गोष्ट त्याच्याही आधीची. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरं असायची. पाऊस थांबला तरी आत ठिबकत राहायचं. त्या तिघींतल्या एकीची तीन मुलं घटसर्पाने जातात आणि ती बाहुली उराशी धरून बसते. घटसर्प हा शब्द मी फक्त आजीकडून ऐकलेला. लेकीच्या लसीच्या कार्डावरच्या डीटीएपीमधला 'डी' म्हणजे डिप्थेरिया, म्हणजे तोच, हे त्या रात्री लक्षात आलं. उठून कार्ड काढलं. सगळे डोस झालेले होते, तरी दोनदा मोजले.

•

काकूला मनोरुग्णालयात नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची. माहेरी चाललोय असं सांगितलं होतं. ती खुशीत नवी साडी नेसली, भाच्यांसाठी पिशवीत चार पेरू घेतले. काका संध्याकाळी परत आले ते पिशवी घेऊनच. पेरू कोणी खाल्ले नाहीत. सिनेमातली गाडी दिसली आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले.

•

माझी तक्रार आहे. मेरी बी गळफास घेते आणि उरलेला सिनेमा तिने सोबतीला घेतलेल्या त्या ब्रिग्जचा (टॉमी ली जोन्स) होतो. ज्याला तिने फासावरून सोडवलं, तोच हिरो?

•

वरच्यांना: मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण शेवट परत बघा. तो तिच्या नावाची लाकडी फळी कोरून घेतो, तिच्या थडग्यावर लावायला. नावेवर दारू पिऊन नाचत असतो, आणि मागे कोणीतरी ती फळी पायाने नदीत ढकलतं. त्याला पत्ताच नाही. नाचतोच आहे.