३८१६५४७२९० : अशी संख्या एकच का?

प्रश्न:
३८१६५४७२९० मध्ये ० ते ९ हे सगळे अंक एकेकदाच येतात. शिवाय पहिल्या दोन अंकांच्या ३८ ला २ ने निःशेष भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत अख्ख्या संख्येला १० ने. प्रोग्राम लिहून ३६,२८,८०० मांडण्या तपासल्या, तर हीच एक हाती लागली. पण कॉम्प्युटर म्हणतो म्हणून मानायचं, हे मनाला पटत नाही. कागदावर दाखवता येईल का?

प्रतिसाद १:
नक्की येईल. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, एवढ्या मांडण्या कशा आवरणार! पण त्या भराभर गळतात.

दहावा अंक ० आणि पाचवा ५, हे उघड आहे. सम स्थानांवर सम अंकच हवेत, म्हणजे १, ३, ७, ९ विषम स्थानांवर गेले.

आता चौथं स्थान बघा. तिसरा अंक विषम, म्हणून ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो. आठव्याचंही तेच. मग ४ आणि ८ उरले दुसऱ्या-सहाव्या स्थानांसाठी. पहिल्या तीन अंकांना ३ ने भाग जातो, पहिल्या सहांनाही जातो, म्हणून मधल्या तिघांची बेरीजही ३ च्या पटीत हवी. तिथे फक्त २५८ किंवा ६५४ बसतात. हे दिसलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

२५८ धरलं तर ३ आणि ८ च्या कसोट्यांतून १४७२५८९६३ आणि ७४१२५८९६३ उरतात. ६५४ धरलं तर आठ. एकूण दहाच उमेदवार! त्यांच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भागायचं. १४७२५८९ ला बाकी ६. ९८७६५४३ वर माझी फार आशा होती, इतकी देखणी संख्या, पण बाकी ५. ३८१६५४७ = ७ × ५४५२२१. बाकीच्या नऊही अडतात.

प्रतिसाद २:
९ ची कसोटी कुठे गेली?

प्रतिसाद १:
ती आपोआप सुटते. १ ते ९ ची बेरीज ४५, त्यामुळे ते अंक कसेही मांडा, ९ ने भाग जाणारच. खरी चाळणी ७ ची.

प्रश्नकर्ता:
आत्ता दहाही करून पाहिल्या. पटलं! अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर अशा संख्या कितीही लांब जातील का?

प्रतिसाद १:
नाही. दहाव्या अंकापर्यंत पुढचा अंक हमखास मिळतो, कारण दहा लागोपाठच्या संख्यांत १० पर्यंतच्या कुठल्याही भाजकाची एक तरी पट असतेच. अकराव्यापासून ती खात्री जाते आणि फांद्या वाळत जातात. सर्वांत लांब संख्या २५ अंकी: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. हिच्यापुढे कुठलाही अंक लावा, २६ ने भाग जात नाही.