बीपीची गोळी, गुडघेदुखीची गोळी आणि वैशाखातले ऊन : क्रिएटिनिन का वाढले?

प्रश्न : बागायतदार कन्या, रावेर

माझे वडील ६४ वर्षांचे असून रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. रक्तदाबासाठी ते रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी घेतात आणि मधुमेहासाठी दोन्ही वेळच्या जेवणासोबत मेटफॉर्मिन ५०० घेतात. आखाजीनंतर केळीच्या कापणीचा जोर वाढला, तशी त्यांची गुडघेदुखीही वाढली, म्हणून ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा घेऊ लागले. गोळ्या सुट्या मिळत. कात्रीने कापलेल्या पट्टीच्या तुकड्यावर ‘फेनॅक’ आणि ‘पॅरा’ एवढीच अक्षरे उरलेली होती आणि मुदतीची तारीख तर नव्हतीच.

काही दिवसांनी त्यांना थकवा आणि मळमळ जाणवू लागली व लघवीही कमी झाली. जळगावला तपासणी केली तेव्हा क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते ते रक्तातले टाकाऊ द्रव्य) १.७ आले, हिवाळ्यात ते १.१ होते. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी कायमची बंद केली, टेल्मिसार्टनची गोळी आणि मेटफॉर्मिन तूर्त थांबवले आणि त्याऐवजी बीपीसाठी अॅम्लोडिपिन व मधुमेहासाठी लिनाग्लिप्टिन सुरू केले. दवाखान्यातल्या गर्दीमुळे सविस्तर विचारता आले नाही. वर्षानुवर्षे मानवलेली औषधे अचानक किडनीला जड का गेली? शिवाय, बीपी नॉर्मल आले की वडील गोळी आपणहून सोडतात आणि ‘दोन दिवस सोडली तरी बीपी चढत नाही’ असे सांगतात. त्यांना काय समजावावे?

उत्तर : औषधनिर्माता, भुसावळ

ताई, यातले एकही औषध नकली किंवा वाईट होते असे समजू नका. ती एकाच वेळी, आणि तीही उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात, एकत्र आली, हे खरे कारण दिसते.

निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात परत घेतात. हे गाळण्याचे काम दाबावर चालते. तुमच्या बागेत ठिबकचा फिल्टर असेलच. त्यातला दाब टिकवायचा तर येणारा व्हॉल्व्ह पुरेसा उघडा हवा आणि जाणारा थोडा आवळलेला हवा. किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीलाही रक्त आणणारी एक आणि नेणारी एक अशा दोन बारीक रक्तवाहिन्या असतात. शरीरात पाणी कमी झाले की आणणारी वाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये करतात आणि नेणारी वाहिनी आवळून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन करते. या दोन आधारांमुळे एरवीच्या उन्हातान्हात किडनी निभावून नेते.

आता तुमच्या वडिलांच्या गोळ्या पाहा. ‘पॅरा’ म्हणजे पॅरासिटामॉल आणि ‘फेनॅक’ म्हणजे डायक्लोफेनॅक. सांध्यातली सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन डायक्लोफेनॅक तयारच होऊ देत नाही, म्हणूनच गुडघ्याला आराम पडतो. पण औषधाला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे ओळखता येत नसल्यामुळे किडनीतलाही तो आधार निघून जातो. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचे काम अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, मात्र नेणारी वाहिनीही सैल पडते. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते. एकीकडे मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, घामाने अंगातले पाणी जाते आणि दुसरीकडे या तिन्ही औषधांचा परिणाम एकाच ठिकाणी होतो, तेव्हा गाळणीतला दाबच उतरतो आणि क्रिएटिनिन रक्तात साचू लागते. वडिलांना बीपीची गोळी हिवाळ्यात मानवत होती, कारण तेव्हा पाण्याची तूटही नव्हती आणि डायक्लोफेनॅकही नव्हते.

मेटफॉर्मिनचे कारण वेगळे आहे. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि किडनीला इजा करत नाही. परंतु ते शरीराबाहेर जाते ते किडनीवाटेच, त्यामुळे किडनी मंदावल्यावर ते साचून, क्वचित का होईना, रक्तातले आम्ल धोकादायक वाढू शकते. लिनाग्लिप्टिनचा बहुतांश भाग पित्तावाटे आतड्यातून बाहेर पडतो, तर अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते आणि गाळणीतल्या अँजिओटेन्सिनच्या आधाराला हात लावत नाही. त्याने काहींच्या घोट्यांना सूज येते; तशी आली तर घाबरून किडनीचे दुखणे वाढले असे मानू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगतो. टेल्मिसार्टनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २४ तास लागतात आणि अॅम्लोडिपिनचे ३० ते ५० तास. गोळी सोडल्यावरही दोन दिवस बीपी बरे राहते ते आधीच्या गोळ्यांच्या जोरावर. मशीनवर दिसणारा नॉर्मल आकडा हेच गोळीचे काम आहे, हे बाबांना पटवून द्या.

उत्तर : पशुवैद्यक, शिरपूर

डायक्लोफेनॅकचा किडनीवरचा परिणाम आमच्या क्षेत्राने फार जवळून पाहिला आहे. हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होत, आणि त्यातूनच त्यांची संख्या कोसळली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली आणि २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच ठेवले, जेणेकरून मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ नयेत. माणसाचे शरीर हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगले हाताळते, म्हणून ही तुलना थेट लावू नये. तरीही जे औषध आम्ही जनावराला देऊ शकत नाही, ते माणसासाठी पट्टी कापून विचारपूस न करता दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर : परिचारिका, अक्कलकुवा

सातपुड्यातल्या आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक सांगते. या आजारात किडनीची लघवी घट्ट करण्याची क्षमता मुळातच कमी झालेली असते, त्यामुळे त्यांच्या शरीरातले पाणी इतरांपेक्षा लवकर तुटते आणि दुखण्याच्या गोळ्यांचा धोकाही वाढतो. या आजारासाठी दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल वेदना लगेच थांबवत नाही; ती गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढवून पुढचे झटके कमी करते. अंग दुखायचे थांबले म्हणून ती बंद करू नये आणि दुखले म्हणून आपल्या मनाने जास्तही घेऊ नये. ती घेताना रक्तपेशींची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

प्रश्नकर्ती : बागायतदार कन्या, रावेर

सर्वांचे मनापासून आभार. ठिबकच्या फिल्टरचे वडिलांना लगेच समजले. आता गुडघ्यासाठी काय करावे? कापणी अजून संपलेली नाही. शेजारच्यांनी शहाळ्याचे पाणी भरपूर द्यायला सांगितले आहे, ते द्यावे का?

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, धुळे जिल्हा

शहाळ्याचे पाणी तूर्त देऊ नका. किडनी मंदावलेली असताना रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, टेल्मिसार्टनमुळे ते आणखी वाढण्याकडे कल असतो, आणि शहाळे व केळी या दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. घरची बाग असली तरी पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत केळीही बेताने खाऊ द्या. साधे पाणी थोड्या थोड्या वेळाने पाजा. उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएस द्या, पण त्यात मीठ आणि साखर असल्यामुळे ते रोजचे सरबत म्हणून देऊ नका. पायांवर सूज असेल किंवा हृदयविकार असेल, तर पाणी किती द्यायचे हे तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गुडघ्यासाठी यकृत चांगले असेल आणि मद्यपान नसेल, तर साधे पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, एका वेळी एक, दोन मात्रांत किमान सहा तास ठेवून घेता येते. मात्र सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, त्याची भर पडणार नाही हे पाहा. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन असते आणि तेही डायक्लोफेनॅकच्याच गटातले, म्हणून ती चालणार नाही. डायक्लोफेनॅकचे मलम लावल्यावर रक्तात जाणारा अंश गोळीच्या मानाने फारच कमी असतो. तरी सध्याच्या परिस्थितीत तेही डॉक्टरांना विचारूनच लावा. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्या, कारण गुडघ्यावरचा भार कमी करण्याचे काम कोणतीही गोळी करत नाही. दुपारच्या उन्हात बाबांना बागेत जाऊ देऊ नका. कापणीवर देखरेख सकाळीच होऊ द्या.

पुढच्या तपासणीला जाताना क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमही करून घ्या. क्रिएटिनिन पूर्ववत झाले तर टेल्मिसार्टन पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे, आणि मधुमेही रुग्णाच्या लघवीतून प्रथिने जात असतील तर तेच औषध किडनीचे रक्षण करते. ते सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्या लागतील. तेव्हा क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले तर ते बहुधा चालवून घेतले जाते. त्याआधी लघवी फारच कमी झाली, धाप लागली किंवा गुंगी वाटली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या, कापलेला तो तुकडासुद्धा, सोबत ठेवा.