परवाने मोजताना आधी एपीआय क्रमांक बघा

वर एकानं लिहिलंय की टेक्सासमध्ये या महिन्यात ड्रिलिंगचे परवाने वाढले, म्हणजे तेलाचं उत्पादन वाढणारच. भावा, जरा थांब. राजारामपुरीतल्या ऑफिसात रात्रपाळीला मी हेच परवाने नोंदवतो. टेक्सासमध्ये ते देतं रेलरोड कमिशन. नाव रेल्वेचं, काम तेल-वायूचं. परवाना साधारण २ वर्षं चालतो. तेवढ्यात खोदाई सुरू झाली नाही तर तो संपतो, त्यामुळं यादीतल्या कित्येक विहिरी जमिनीत कधी उतरतच नाहीत.

त्यात दुरुस्तीचे अर्ज. विहिरीची जागा थोडी सरकवली तरी नवी ओळ येते. सुरुवातीला मी अशा ओळी वेगळ्या धरल्या आणि एका काउंटीचा (तिकडचा जिल्हा म्हण) आकडा चांगलाच फुगला. पहाटे चारला सगळी शीट परत तपासत बसलो होतो, फार जीवाला लागलं होतं ते. तेव्हापासून आधी एपीआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक, बघतो: पहिले २ आकडे राज्याचे (टेक्सासचे ४२), पुढचे ३ काउंटीचे, मग ५ विहिरीचे. हे दहाही जुळले की विहीर तीच.

उत्पादनाचा अंदाज बांधायचा असेल तर खोदाई सुरू झाल्याची तारीख आणि विहीर पूर्ण झाल्याचा अहवाल शेजारी घेऊन बस.