मदत हवी आहे: मेणबत्तीवर पेला उपडा ठेवला, तरी पाणी वर चढत नाही

अनुजा_ले:
नमस्कार. मुलीला परवा वर्गात एक प्रयोग करून दाखवायचा आहे. कालपासून आम्ही दोघी त्याच्याच मागे लागलो आहोत, पण तो एकदाही धड जमलेला नाही. बशीत पाणी, मध्ये मेणबत्ती आणि वर पेला, एवढाच तो प्रयोग. मेणबत्ती विझते, मात्र पाणी चढत नाही. चढलेच तर जरासे चढते आणि पुन्हा उतरते. घरातल्याच वस्तू वापरायच्या असल्याने नवीन काही आणायचे नाही. काय चुकते आहे, ते कृपया लवकर सांगावे.

पिंपळपान:
पाणी किती घेतले, पेला कशाचा आहे आणि तो ज्योतीवर सावकाश उतरवला की एकदम टेकवला, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. त्याशिवाय चूक कशी सांगणार?

फेसाळ:
हा प्रयोग बेभरवशाचा आहे, त्याचा नाद सोडावा असे मी सुचवेन. एका खोल भांड्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घ्या, त्यावर व्हिनेगर ओता, फेस खाली बसू द्या आणि मग आतला द्रव सांडणार नाही अशा बेताने ते भांडे पेटत्या मेणबत्तीवर कलते करा. ओतताना डोळ्यांना काहीही दिसत नाही, तरी ज्योत विझते, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. मी हा प्रयोग कितीतरी वेळा केला आहे आणि मुले दर वेळी रिकाम्या वाटणाऱ्या भांड्यात डोकावून पाहतात.

अनुजा_ले:
धन्यवाद, पण मुलीच्या वाट्याला पेल्याचाच प्रयोग आलेला आहे, तो बदलता येणार नाही.

निवृत्त_मास्तर:
यात अवघड असे काही नाही. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून गेला की रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरते, म्हणून ते पेल्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत चढते. मी वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो आहे.

शंकासुर:
मास्तर, आदर राखून सांगतो, हे स्पष्टीकरण बरोबर नाही. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असते, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढले असते. प्रत्यक्षात बरेचसे पाणी ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधीच मेणबत्ती विझते, आणि जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होतात. खरे कारण उष्णतेचे आहे. पेला उतरवताना त्यात तापून फुगलेली हवा भरते आणि ज्योत विझल्यावर ती थंड होऊन आकसते. २७ अंशांवरची हवा ८७ अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान एक पंचमांशाने वाढते आणि तीच पुन्हा थंड झाली की सहाव्या हिश्श्याने घटते. आकडे असे जवळजवळ आल्यामुळे गैरसमज टिकून राहिला आहे, आणि तो काही आजचा नाही. बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्यानेही ख्रिस्तपूर्व काळात या प्रयोगाचे वर्णन करताना ज्योत हवा नाहीशी करते असेच मानले होते.

निवृत्त_मास्तर:
कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, हे आपण विसरलात.

शंकासुर:
विरघळतो, परंतु बशीतल्या स्थिर पाण्यात तो काही सेकंदांत विरघळून जात नाही. एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावून पाहा. ऑक्सिजन तेवढाच असतो, तरी पाणी अधिक चढते.

निवांत:
बशीला चिकटलेले मेण निघत नसेल, तर बशी थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवावी. मेण ठिसूळ होते आणि चमच्याच्या टोकाने सहज सुटते.

अनुजा_ले:
मेण काढण्याविषयी मी विचारलेले नव्हते. पिंपळपान, पेला काचेचा आणि उंच आहे, पाणी बशीत तीन-चार चमचे घातले होते आणि ज्योत विझेल या भीतीने आम्ही पेला एकदम टेकवत होतो. पाणी उतरते तेव्हा आतून गुडगुड असा आवाज येतो, असे मुलगी म्हणते. हे आधी लिहायला हवे होते का?

पिंपळपान:
त्या आवाजातच उत्तर आहे. पेल्यात पाणी चढू लागले की बशीतली पातळी खाली जाते, पेल्याची कड उघडी पडते आणि तिथून बाहेरची हवा आत शिरते. बशीऐवजी खोलगट ताटली घ्यावी, तिच्यात दोन बोटे पाणी ठेवावे, मेणबत्ती त्यातून चांगली वर राहील इतकी उंच असावी आणि कडेखाली दोन नाणी सरकवावीत, म्हणजे पाण्याला आत जायला वाट राहील. पेला ज्योतीवर दोन-तीन सेकंद धरून मगच सावकाश खाली आणावा. पाण्यात शाईचे थेंब टाकले, तर मागच्या बाकांवरूनही पातळी दिसेल. पेटत्या मेणबत्तीपाशी मोठ्या माणसाने थांबावे.

अनुजा_ले:
जमले! पेला टेकताना कडेने चार-पाच बुडबुडे बाहेर पडले, काच आतून धुरकट झाली आणि ज्योत विझताच निळे पाणी सर्रकन वर गेले. मुलीने काचेवर स्केच पेनाने खूण केली, मग दोन मेणबत्त्यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा पाणी खुणेच्या जवळजवळ बोटभर वर गेले. अडचण एवढीच आहे की वर्गातून मिळालेल्या कागदावर कारण म्हणून ऑक्सिजनच छापलेला आहे. आता तिने काय सांगावे?

शंकासुर:
दोन्ही खुणा असलेला पेला तिने सोबत न्यावा आणि कागदावरचे कारण खरे असते तर दुसरी खूण कुठे पडायला हवी होती, हे वर्गालाच विचारावे. वेळ उरला, तर गरम पाण्याने विसळलेला पेला तशाच ताटलीत उपडा ठेवावा. ज्योत नसतानाही त्यात पाणी थोडे चढते.

निवृत्त_मास्तर:
दोन्ही वेळा मेणबत्त्या सारख्याच उंचीच्या होत्या का, आणि पेला तितकाच वेळ धरला होता का? माझ्याकडे तसाच पेला आहे, मी आज रात्री करून पाहतो.