मदत हवी आहे: दूरच्या सर्व्हरवरचे मेंदूचे स्कॅन पाहताना चित्र अडकतं

प्रश्न: डेटा लिनक्स सर्व्हरवर, निफ्टी (मेंदूच्या स्कॅनचा फाइल-प्रकार) फाइल्समध्ये आहे. एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) च्या एक्स फॉरवर्डिंगने, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रामची खिडकी माझ्या स्क्रीनवर आणून, एफएसएलआइज हा स्कॅन बघायचा प्रोग्राम उघडतं, पण स्लाइस बदलली की चित्र पाच-सहा सेकंदांनी हलतं. थ्रीडी दृश्य ओपनजीएलची (ग्राफिक्स काढण्याची प्रणाली) एरर देऊन बंद पडतं. एफएमआरआयची (मेंदूचं काम वेळेनुसार टिपणारा स्कॅन) एकेक फाइल 104×104×72 व्हॉक्सेल (थ्रीडी पिक्सेल), 1200 फ्रेम, 32 बिट, म्हणजे सुमारे 3.7 जीबी. सगळं डाउनलोड करणं जमणार नाही. काय करावं?

उत्तर 1: एक्स फॉरवर्डिंग सोडून द्या. त्यात चित्र काढण्याची एकेक आज्ञा नेटवरून जा-ये करते, त्यामुळे लाइन वेगवान असली तरी अडखळतं. शिवाय त्या वाटेने ओपनजीएल फार तर आवृत्ती 1.4 पर्यंत पोचतं, आणि बऱ्याच ठिकाणी ती वाट बंदच ठेवलेली असते. तुमची एरर बहुधा तीच.

सर्व्हरवर टर्बोव्हीएनसी (दूरचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) आणि व्हर्च्युअलजीएल (सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड वापरू देणारा) घाला. चित्र तिथेच तयार होतं, तुमच्याकडे फक्त पिक्सेल येतात. टर्बोव्हीएनसीचं सत्र 1 म्हणजे पोर्ट 5901. तो बाहेर उघडू नका, एसएसएच टनेलमधून आणा. एफएसएलआइज मात्र व्हीजीएलरन ही व्हर्च्युअलजीएलची आज्ञा आधी लावूनच सुरू करा. लीजनची (बिघाड झालेला भाग) किंवा मास्कची (आखून घेतलेला भाग) कड तपासताना टर्बोव्हीएनसीचं जेपेग बंद करून लॉसलेस (तपशील न गमावणारं) ठेवा, नाहीतर कॉम्प्रेशनचे ठिपके खरे वाटतात.

प्रश्नकर्ता: केलं. वेग थोडा वाढला, पण जीएलएक्सइन्फोमध्ये (ग्राफिक्सची माहिती दाखवणारी आज्ञा) रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा, म्हणून एलएलव्हीएमपाइप दिसतंय.

उत्तर 1: म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरातच नाही, सगळा भार सीपीयूवर आहे. जीएलएक्सइन्फोसुद्धा व्हीजीएलरन लावून चालवून बघा. तरीही तेच दिसलं तर बहुधा तुमच्या खात्याला कार्डाची परवानगी नाही. ॲडमिनला व्हीजीएलयूजर्स गटात घालायला सांगा. व्हर्च्युअलजीएलच्या आवृत्ती 3 पासून ईजीएलचा (कार्डापर्यंत थेट पोचण्याची वाट) पर्याय आहे, त्याला सर्व्हरवर वेगळा एक्स सर्व्हर लागत नाही.

उत्तर 2: नुसती नजर टाकायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा नीव्ह्यू हा व्ह्यूअर पुरतो. 256×256×256 चा 16 बिट टी1 (मेंदूच्या रचनेचा एमआरआय) जेमतेम 32 एमबी. एफएमआरआयचं तसं नाही: जीझिपने दाबलेल्या फाइलमध्ये मधूनच उडी मारता येत नाही, 900 वी फ्रेम हवी तरी आधीचं सगळं उलगडावं लागतं. म्हणून सर्व्हरवरच एफएसएलआरओआय या आज्ञेने हवी ती फ्रेम वेगळी काढा. मोजणी 0 पासून, म्हणजे 900 व्या फ्रेमसाठी 899.

एक नेहमीची अडचण: वेबसर्व्हर जीझिप फाइलला कंटेंट-एन्कोडिंगचा हेडर (ही फाइल दाबलेली आहे अशी सूचना) लावतो, ब्राउझर ती आपणच उलगडतो, आणि पुन्हा उलगडायला गेलेला व्ह्यूअर अडकू शकतो. तो हेडर काढून टाका.

आणि डाव्या-उजव्याकडे लक्ष द्या. एफएसएलआइज मूळ सेटिंगला रेडिओलॉजिकल पद्धतीने (रुग्णाची डावी बाजू चित्रात उजवीकडे) दाखवतं, नीव्ह्यू न्यूरोलॉजिकल (डावी डावीकडेच). तोच स्कॅन एकाच्या तुलनेत दुसऱ्यात आरशातल्यासारखा उलटा दिसेल. निरीक्षण लिहिण्याआधी कडेची एल (डावी) आणि आर (उजवी) ही अक्षरं बघा.