राइट कुटुंबाबद्दल थोडंसं

कॅनडातल्या ओटावा खोऱ्यातून लाकूड पाठवणारा फिलेमन राइट लाकडासाठीच तिथे गेला, असं कुणाला वाटेल. तसं नाही हो. १८०० मध्ये मॅसॅच्युसेट्सहून निघालेला हा गृहस्थ ओटावा नदीकाठी, आजच्या गातिनोत, शेती वसवायला गेला होता. (जमीन तिथल्या मूळच्या अल्गोंक्विन लोकांची, हेही विसरायला नको.) वस्ती तगवायला रोख पैसा हवा होता, म्हणून १८०६ मध्ये त्याने ओंडके बांधून 'कोलंबो' नावाचा तराफा क्वेबेक शहराकडे सोडला. सोबत मुलगा टायबेरियस. वाटेत जागोजागी खळाळ. जूनमध्ये निघालेली मंडळी ऑगस्टमध्ये पोचली! त्याच सुमारास नेपोलियनने ब्रिटनचा बाल्टिककडचा लाकूडपुरवठा अडवला आणि कॅनडातल्या लाकडाला भाव आला. बापाला नशिबाने हात दिला, यात शंका नाही.

मला मात्र त्याचा आणखी एक मुलगा, रगल्स, जास्त हुशार वाटतो. ओटावा नदीवरच्या शोदिएर धबधब्यावरून लाकूड उतरवणं म्हणजे नुकसान ठरलेलंच. त्याने १८२९ मध्ये धबधब्याला बगल देणारी, वाहत्या पाण्याची उतरती वाट बांधली. तराफ्याचे भाग सुटे करायचे, तिच्यातून खाली सोडायचे आणि पुढे पुन्हा जोडायचे. नंतर ओटावा खोऱ्यात इतरांनीही हीच पद्धत उचलली.