साडी नेसली की आम्ही हसतो म्हणे!

कपाशीवाला (यवतमाळ):
काल एका शहाण्यानं पोस्ट टाकली. म्हणे, टीव्हीवरचं ‘चला हवा येऊ द्या’ दहा वर्षं चाललं ते खेड्यातल्या लोकांच्या जिवावर; पुरुषानं साडी नेसली की त्यांना हसू आवरत नाही. खाली हसऱ्या चेहऱ्यांचा ढीग. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लांबलचक लिहितो.

२०१४ मध्ये थुकरटवाडी, म्हणजे त्या शोमधलं गाव, सुरू झाली तेव्हा आमच्या ढाळजेत कोणी साडी पाहायला जमत नव्हतं. सागर कारंडेचा पोस्टमन यायचा, अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा, आणि आत्ता हसून लोळणारी माणसं चिडीचूप. आजी पदर तोंडाला लावून बसायची. पुढं पुढं पाहुण्यांची ओवाळणीच जास्त. २०१८ ला विश्वदौरा निघाला. थुकरटवाडी विमानात बसली ती मनानं काही परत उतरली नाही. साडी पहिल्यापासून होती, बावा. गाव निघून गेलं.

वर्धेकर_सध्या_पुणे:
तो शहाणा मीच. पाहुणे पहिल्यापासून सिनेमावालेच होते, सोयीनं विसरू नका. भाऊ कदम पदर सावरत आले की टाळी, गेले की टाळी. याला लेखन म्हणायचं? ‘हास्यजत्रा’ बघा, निदान प्रहसन बांधलेलं असतं.

झाडीपट्टीचा_गडी (देसाईगंज):
हास्यजत्रेत पुरुष साडी नेसतच नाहीत वाटते! अरे, आमच्या गावाकडची लोकनाट्यं, खडी गंमत, पाहिली का कधी? दंडार? आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या पुरुषच बाईचं सोंग घेत आले. सोंगाड्या नुसता चालला तरी मांडव हसतो, पण ते हसू मिशीवाल्याच्या साडीचं नसते. त्यानं गावातली कोणती बाई उचलली ते लोकांनी ओळखलेलं असते. टीव्हीवर नुसती साडी आली, बाई आलीच नाही.

मास्तर_अकोट (निवृत्त):
साडी राहू द्या, खरं दुखणं भाषेचं आहे. भरत गणेशपुरे अमरावतीचे, त्यांच्या तोंडी वऱ्हाडी शोभते. पण त्यांच्यामागून जो तो दोन वेळा ‘काऊन बे’ म्हणतो अन् झाला वऱ्हाडी. आमच्यात डोळ्याला डोया म्हणतात, केळ्याला केयं. पाहुण्याला ‘जेवून जा’ म्हणत नाहीत, ‘जेवून जाजो’ म्हणतात. त्या ‘जो’तली माया कोणत्या स्किटमध्ये ऐकली? वऱ्हाडी बोलणारा एक तर बावळट, नाही तर भांडकुदळ. माझी पोरगी मुंबईत नोकरीला लागली. फोनवर माझ्याशी बोलली की शेजारचे म्हणत, ‘अजून बोल ना, मजा येते.’ आता ती ऑफिसातून फोन करत नाही. हसा.

झाडीपट्टीचा_गडी:
मास्तर, तुमची ‘बे’ तरी टीव्हीवर गेली. वैनगंगेकाठची झाडीबोली कोणाले माहीत आहे? विदर्भ म्हटला की अकोला-अमरावती. दिवाळी ते होळी आमच्याकडं रात्रभर नाटकं होतात, तिकीट काढून लोक पहाटेपर्यंत बसतात. २०२३ मध्ये आमच्या या नाटकांतले कलाकार परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं तुमच्या पेपरात दोन ओळी आल्या.

मास्तर_अकोट:
मी झाडीबोलीविरुद्ध चकार शब्द काढला का? उगाच अंगावर येऊ नका. चाळीस वर्षं मराठी शिकवली आहे.

झाडीपट्टीचा_गडी:
अन् चाळीस वर्षं पोराईले ‘डोया’ लिहिलं म्हणून लाल रेघ मारली असन.

मास्तर_अकोट:
मारली. वहीत मारावीच लागते. बोलताना कोणाला अडवलं नाही.

कपाशीवाला:
भाऊ हो, विषय हवेचा होता!

दारव्ह्याची_सून:
मी सांगते हवेचं. सोमवार-मंगळवार साडेनऊला लागायचं. आमच्याकडं पंपाची लाईन रात्री दहाला यायची. बाबा तुरीच्या शेंगा सोलत अर्धा भाग पाहायचे, मग बॅटरी घेऊन वावरात. उरलेला भाग सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना करून दाखवायची; श्रेया बुगडेचा आवाज, भाऊंची चाल. एकदा विसरले, तर मनानंच शेवट जोडला. बाबा एवढे हसले की चहा धोतरावर सांडला. दुसऱ्याच दिवशी दुपारी खरा शेवट लागला. ते पाहून म्हणाले, ‘तुझाच बरा होता.’ आता बाबा नाहीत. लग्न झाल्यावर टीव्ही माझ्या हातात आला, रिमोट सासूबाईंच्या. मार्च २०२४ मध्ये शो बंद झाला, २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकरला घेऊन परत आला. पाहिला, चांगला होता. पण सकाळी करून दाखवावासा वाटला नाही.

वर्धेकर_सध्या_पुणे:
ताई, यावर काय बोलणार. ‘खेड्यातल्या लोकांच्या जिवावर’ हे वाक्य मागे घेतो. साडीबद्दलचं मत मात्र शिल्लक आहे, मास्तरांच्या लाल रेघेसारखं.

झाडीपट्टीचा_गडी:
शिल्लक राहू दे. यंदा शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, ये, नाटक दाखवतो. लेखन आहे की नाही ते तिथं ठरव.

वर्धेकर_सध्या_पुणे:
येतो. पण रात्रभर जागणं आता जमत नाही हो.

मास्तर_अकोट:
घोंगडं घेऊन जाजो.